मी तो निळा उजेड नव्हे

टण्ण करून पातेल्यावरचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. भर दुपार होती. कळंबमधलं ते दोन खोल्यांचं घर तोवर अगदी गप्प होतं. पाच वर्षांची स्वरदा चित्र रंगवता रंगवता दचकली आणि तिच्या हातातला खडू मोडला. दारात झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. गोधडीवर पडलेला स्वरदाचा सहा महिन्यांचा भाऊ तेवढा आपल्याच मुठीकडं बघून हसत राहिला. त्यांची आई, सुकन्या, ओट्यापाशी उभी होती. तिनं झाकण उचललं, बाळाच्या उशाशी आली, आणि ते झाकण मुद्दाम पुन्हा खाली टाकलं.

बाळानं मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी बारामतीला त्याच्या कानांची मोठी तपासणी होती.

हे सगळं मी फळीवरून पाहिलं. मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. वाचायला उजेड देणारा दिवा मी नव्हे, आणि देवापुढं लावतात तो तर मुळीच नव्हे. मी अतिनील किरणांचा, ज्याला सगळे यूव्ही म्हणतात, तसला एलईडी दिवा. आता माझ्या वायरी कापल्या आहेत आणि मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून ठेवलं आहे. डब्याचं झाकण नीट बसत नाही, त्या फटीतून मला घर दिसतं. मला दिसू नये अशी माझी फार इच्छा असते, पण तेवढंही माझ्या हातात नाही.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं पांढऱ्या झग्यांत असत आणि श्वाससुद्धा फडक्याआडून घेत. ज्वारीच्या दाण्याएवढे आम्ही चार जण ॲल्युमिनियमच्या एका पट्टीवर शेजारी शेजारी बसवले गेलो. चौघं मिळून एक दिवा. आमच्या कागदावर काय काय लिहिलेलं होतं. किती करंट द्यायचा, किती तापू द्यायचं, उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, अंगावर घ्यायचं नाही. कागद बारीक अक्षरांचा होता. तो खोक्याबरोबरच गेला.

एक गोष्ट मात्र तुम्ही नीट ध्यानात घ्या. मी लागलो की जो फिकट निळा उजेड दिसतो, तो माझा खरा उजेड नव्हेच. माझा खरा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. सूर्याकडं बघितलं तर डोळा आपण होऊन मिटतो. माझ्याकडं बघितलं तर मिटत नाही, कारण त्याला वाटतं, हा तर मंद दिवा आहे. माझ्या वागण्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच. मी भाजतो, पण भाजताना कळू देत नाही.

माझी पहिली नोकरी बारामतीत, दातांच्या एका दवाखान्यात. स्टीलची पेटी होती, तिच्या छताला मी. धुऊन उकळून घेतलेली हत्यारं माझ्याखाली ठेवायची, दार लावायचं, की मी लागायचो. दाराच्या चौकटीत एक छोटं बटण होतं. दार उघडलं की बटण सुटायचं आणि मी तत्क्षणी विझायचो. ते बटण म्हणजे माझा लगाम होता. दारावर पिवळा कागद चिकटवलेला होता, त्यावर डोळ्याचं चित्र आणि त्या डोळ्यावर काट मारलेली. तिथले रमाकांत डॉक्टर दात किडलेल्या प्रत्येक पोराला काचेतून मला दाखवत आणि सांगत, ह्याच्यासमोर एक जंतू टिकत नाही बघ. पोरं रडायची थांबत. ती माझी भरभराटीची वर्षं. मी कुणाला शिवलो नाही, कुणी मला शिवलं नाही, आणि सगळं सुरळीत होतं.

मग डॉक्टरांनी मोठी पेटी घेतली. मी अडगळीत गेलो. तिथं इन्व्हर्टर दुरुस्त करायला आलेल्या ऋतिकनं मला पाहिलं, मागितलं, आणि डॉक्टरांनी पेटीसकट देऊन टाकलं. देताना ते म्हणाले, जपून वापर. कशापासून जपायचं ते काही बोलले नाहीत. रांगेत माणसं होती.

ऋतिकचं कळंबच्या रस्त्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचा आजा मेंढरं राखायचा, बाप राखायचा, आणि त्यानं आठवीत असताना बंद पडलेला रेडिओ बोलता केला, तेव्हापासून त्याच्या हाती कुणी काठी दिली नाही. गावाचा त्याच्यावर फार विश्वास. लोक पाण्यात पडलेला फोन घेऊन यायचे आणि म्हणायचे, ऋतिकराव, तेवढं पेशंटला शुद्धीवर आणा. तो हसून म्हणायचा, आय-बापाची सही आणा आधी.

पहिल्याच दिवशी त्यानं मला एका जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या ॲडॉप्टरला थेट जोडलं. मी भपकन पेटलो, पट्टी तापून चटका बसायला लागली, आणि आम्हा चौघांतला एक कायमचा गेला. ऋतिकनं हात झटकला, गुगलवर वाचत बसला, आणि मग त्याचं त्यालाच उमगलं. दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांना तो सांगत होता की ह्या दिव्यांना पाटानं पाणी सोडून भागत नाही, ठिबकनं द्यावं लागतं. जेवढं मोजून, तेवढंच. त्यानं मोजून करंट देणारा छोटा ड्रायव्हर आणला. मोडक्या ॲम्प्लिफायरमधली ॲल्युमिनियमची जाड पट्टी काढली, तिला मला स्क्रूनं घट्ट बसवलं, म्हणजे उष्णता मागं निघून जावी. इतक्या मायेनं मला त्याआधी कुणी बसवलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं होतं, शहाण्या माणसाच्या हाती पडलो.

गिऱ्हाइकांचे फोन तो पेटीत घालून माझ्याखाली ठेवायचा. पुढं दाराची बिजागरी तुटली. दार भंगारात गेलं, आणि त्याच्यावरचा काट मारलेला डोळाही गेला. दार नाही म्हणजे बटण दाबलं जाईना, बटण दाबलं नाही म्हणजे मी लागेना. ऋतिकनं बटणाच्या दोन वायरी एकमेकींना जोडून वर काळी टेप गुंडाळली. तेवढ्यापुरतं, असं तो म्हणाला.

मित्रांनो, मला ह्या जगातल्या कुठल्या शब्दाची भीती वाटत असेल तर ह्या एका शब्दाची.

मग श्रावणात सुकन्याला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी मायलेकरं घरी आली. चौथ्या दिवशी आशाताई म्हणून काम करणाऱ्या प्रयागताई आल्या. त्यांनी बाळाचं कपाळ बोटानं दाबलं, मग छाती, मग पोट. बोट उचललं की खाली पिवळं दिसत होतं. त्यांनी सांगितलं, कावीळ पोटापर्यंत उतरली आहे, उद्याच्या उद्या बारामतीला न्या, निळ्या लाईटीखाली ठेवतील. सुकन्यानं लगेच पिशवी भरायला घेतली. दुपटी, टोपडं, कागदपत्रं.

सासू बानूबाईनं ती पिशवी उचलून खुंटीला अडकवली. ती काही कजाग बाई नव्हती. तिच्या तरुणपणी मेंढरांमागं चालताना, घाटाखालच्या माळावर, तिला ऋतिक झाला होता. तोही असाच पिवळा पडला होता, आणि तिनं त्याला आठ दिवस कोवळ्या उन्हात मांडीवर धरलं होतं. उजेडानं पिवळं जातं, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिचं लेकरू जगलं होतं. ज्यांची जगली नाहीत त्या बायका कुणाच्या बाळंतपणात बसून गोष्टी सांगत नाहीत, एवढंच. शिवाय आठ दिवसांवर बारसं आलेलं, लेक रतन सासरहून यायची होती, आणि ओल्या बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा हे बानूबाईला पटत नव्हतं. पण ऊन कुठून आणायचं? सहा दिवस आभाळ उघडलं नव्हतं.

तेव्हा ऋतिकला मी आठवलो.

त्याला आठवलो, ह्याला कारण स्वरदा. ती जन्मली तेव्हा दोन दिवस निळ्या लाईटीखाली होती आणि तिसऱ्या दिवशी पिवळं जाऊन घरी आली होती. काचेबाहेर उभं राहून ऋतिकनं तो उजेड दोन दिवस बघितला होता. त्याला वाटलं, तोच हा. दुकानातून मला घरी आणताना त्याचा चेहरा इतका उजळला होता की सांगू नये. बायकोला ओल्या अंगानं प्रवास नको, लेकराला परक्याचा हात नको, सगळं आपल्या घरात, आपल्या हातानं.

सुकन्यानं मला पाहिलं आणि विचारलं, “ह्यानं फोनवरचं जंतू मरत्यात म्हणता, मग ते लेकराच्या अंगाला कसं चालंल?”

मित्रांनो, त्या घरात त्या आठवड्यात विचारला गेलेला हा एकच बरोबर प्रश्न. ऋतिक म्हणाला की जंतू केवढा आणि माणूस केवढा. बानूबाई म्हणाली, “दवाखान्यातली लाईट काय सोन्याची असती व्हय? तीबी निळी, हीबी निळी. माझा ल्योक गावाची मशिनी नीट करतोय, त्याला घरातलं कळत न्हाय का?” सुकन्या बारावी शिकलेली. पण चार दिवसांची बाळंतीण, आणि समोर नवरा, ज्याला अख्खं गाव विचारून चालतं.  ती खुंटीवरच्या पिशवीकडं बघत राहिली.

ऋतिकनं काही म्हणता काही कमी केलं नाही. बाजेच्या वर आडवी काठी बांधून मला टांगलं. मीटर लावून करंट तपासला. दवाखान्यात पाहिलं होतं तशी काळ्या फडक्याची पट्टी बाळाच्या डोळ्यांवर बांधली. त्या पट्टीनं बाळाचे डोळे वाचले, हे मी त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. फोनवर वेळ लावून सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं. बाळ उघडं, वर मी.

मी बोलू शकलो असतो तर काय हवं होतं. माझ्या वतीनं बोलणारा काट मारलेला डोळा भंगारात होता. मला विझवणाऱ्या बटणाचं तोंड टेपनं बांधलेलं होतं. मी आपला मोजून दिलेला करंट घेत राहिलो आणि चार दिवसांच्या कातडीवर पडत राहिलो. दवाखान्यातला निळा उजेड निराळा असतो, तो कावीळ विरघळवतो. मी तसलं काही करत नाही. मला एकच येतं, जिवंत पेशी भाजणं.

स्वरदा बाळापाशी बसून गाई गाई म्हणायची. तिच्या डोळ्यांवर कुणी पट्टी बांधली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे लाल झाले, पाणी वाहायला लागलं, उजेडाकडं बघवेना. डोळ्यात वाळू गेलीय म्हणून ती रडत होती. बानूबाई म्हणाली, साथ हाय, शाळेतनं आणलं आसंल, आणि तिला बाळापासून लांब निजवलं. ती दोन दिवसांत बरी झाली. मी त्या घराला दिलेली ती एकमेव सूचना होती, तीही एका पोरीच्या डोळ्यांतून, आणि ती अशी वाया गेली.

तिसऱ्या सकाळी बाळ लाल दिसू लागलं.

पिवळं नाही, लाल. टवटवीत, पिकल्या टोमॅटोसारखं. बानूबाईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. ऋतिकनं फोटो काढून रतनला पाठवला. प्रयागताई चौकशीला आल्या तेव्हा बानूबाईनं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. म्हणाली, पिवळं कवाच पळालं, आता झोपलंय, उठवू नका. बाळ दिवसभर झोपूनच असायचं. पाजायला घेतलं तरी तोंड उघडेना. शहाणं हाय, रडत न्हाय, असं सगळे म्हणत होते.

सातव्या दिवशी दुपारी ते रडलं. पण ते रडणं माणसाच्या लेकरासारखं नव्हतं, काच घासल्यासारखं बारीक नि तीक्ष्ण होतं, आणि त्याची पाठ धनुष्यासारखी मागं वाकत होती. सुकन्यानं कुणाला विचारलं नाही. खुंटीवरची पिशवी घेतली, बाळाला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि अनवाणी रस्त्यावर जाऊन उभी राहिली. दुधाचा टेम्पो थांबला. ऋतिक मागून मोटारसायकलवर निघाला. डॉक्टरांना दाखवायला म्हणून त्यानं मला दुकानाच्या पिशवीत घेतलं होतं.

म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. बारामतीच्या त्या लहान मुलांच्या दवाखान्यात आसावरी मॅडम म्हणून डॉक्टर होत्या. त्यांनी बाळाची छाती बोटानं दाबली. लाली सरकली आणि खालून हळदीसारखं पिवळं वर आलं. कावीळ गेलीच नव्हती. मी भाजलेल्या कातडीच्या आड ती तीन दिवस वाढत राहिली होती. ऋतिकनं मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि काही विचारायच्या आतच तो म्हणाला, “करंट मोजून दिलता, मॅडम. एक पॉइंट जास्त न्हाय.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “करंट बरोबर होता हो. दिवाच तो नव्हता.”

बाळाचं सगळं रक्त बदललं. मग त्याला खऱ्या निळ्या उजेडाखाली ठेवलं, त्याच उजेडाखाली, जो चौथ्या दिवशी त्याची वाट बघत होता. बाळ जगलं. निघताना मॅडमनी सांगितलं, कावीळ डोक्यापर्यंत चढली होती, कानांवर परिणाम झाला असू शकतो, तपासणीला येत राहा. त्या वाक्यातलं तपासणीचं तेवढं सगळ्यांनी लक्षात ठेवलं, कानांचं कुणी लक्षात ठेवलं नाही. एक सुकन्या सोडून.

बारसं दीड महिन्यानं झालं. रतन आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, विराज. रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. रतन ओरडली, सगळ्या हसल्या. पाळण्यातला विराजही हसला, कारण त्याला सगळ्यांची तोंडं दिसत होती.

ऋतिकनं माझ्या वायरी कापल्या तेव्हा तो मला विहिरीत टाकायला निघाला होता. सुकन्यानं अडवलं. तिचं म्हणणं असं की टाकलं तर कुणीतरी काढंल, आणि परत जोडंल. तिनं मला ह्या डब्यात घातलं आणि डब्यावर खडूनं डोळा काढून त्याच्यावर काट मारली. तिला चित्र काही नीट जमलं नाही. पण भंगारात गेलेल्या त्या छापील कागदापेक्षा मला तेच जास्त खरं वाटतं.

ऋतिक आता दुकानात फारसं बोलत नाही. पेशंटचा विनोद कुणी केला तर फोन खाली ठेवतो. बानूबाई रोज बाळापुढं टाळ्या वाजवते आणि सांगते, बघितलं, आत्ता बघितलं त्यानं. त्यानं तिचे हात हललेले बघितलेले असतात.

मित्रांनो, माझ्यासारखे दिवे आता सगळीकडं आहेत. पाण्याच्या यंत्रात, नखं रंगवायच्या पेटीत, नोटा तपासायच्या खोक्यात, बाटल्या निर्जंतुक करायच्या डब्यात. त्यांची कामं चांगली आहेत, त्यांना करू द्या. आम्हाला मोजून करंट द्या, पाठीला थंड धातू द्या, हे तर आहेच, पण तेवढ्यानं आम्ही तुमचे सोयरे होत नाही. आमच्याकडं बघू नका, मंद दिसलो तरी बघू नका. आमच्या दाराचं बटण कधी बांधून टाकू नका, ते तुमच्यासाठी असतं, आमच्यासाठी नव्हे. आणि घरात पिवळं बाळ असेल तर रंग बघून दिवा निवडू नका. पिशवी खुंटीला अडकवू नका. एवढं ऐका. मी हे चौथ्या दिवशी सांगायला हवं होतं.

तर ती कानांची तपासणी झाली. संध्याकाळी सगळी परत आली. विराज निजला होता. ऋतिकनं चप्पल काढली नाही, तो तसाच उंबऱ्यावर बसला. बानूबाईनं विचारलं, काय म्हणाले, आणि सुकन्यानं हळू आवाजात सांगितलं की दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. यंत्र लावून बघणार आहेत, किती उपयोग होईल ते आत्ता सांगता येत नाही. बानूबाई भिंतीला टेकली. तिच्या तोंडून एवढंच निघालं, “म्या पिशवी टांगली.” 

स्वरदा हे सगळं ऐकत होती. ती बाळापाशी गेली, त्याच्या कानामागचं तीट बोटानं पुसलं, कान जवळून बघितला. मग आईकडं आली आणि तिच्या पदराचं टोक धरून उभी राहिली.

“आई,” ती म्हणाली, “आत्यानं कानात सांगितलेलं त्याला ऐकूच आलं न्हाय. मग त्याचं नाव काय हाय, हे त्याला कुणी सांगितलं?”